बानाबाईच्या रोलवरची लोकर

मुलांनो, जरा डोळे मिटा. नुसते मिटू नका, वरून तळहातही ठेवा. तरीही थोडा लालसर उजेड आत झिरपतोच, नाही का? आता तोही नाही अशी एक खोली मनात आणा. खिडकीला पत्रा ठोकलेला, दाराच्या फटीत काळं फडकं कोंबलेलं. स्वतःचा हात नाकासमोर हलवला तरी दिसत नाही. अशा खोलीत तुम्ही उभे आहात आणि तुमच्या हातात अंगठ्याएवढी एक पत्र्याची डबी आहे.

तुमच्या आजोबांच्या काळी फोटो ह्या डबीत राहायचे. तिला रोल म्हणत. आत अडीच-तीन हात लांब फिल्मची पट्टी गुंडाळलेली असे. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की पट्टीवर क्षणभर उजेड पडायचा आणि चित्र उमटायचं. पण दिसायचं नाही. अंधाऱ्या खोलीत ती पट्टी औषधात धुवावी लागे, तेव्हा कुठे चित्र वर यायचं. धुण्याआधी उजेड लागला, तर सगळं गेलं. अजून एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: फोटो काढलेली पण न धुतलेली फिल्म आणि कोरी फिल्म अगदी सारख्या दिसतात. जगातला कितीही शहाणा माणूस नुसत्या डोळ्यांनी फरक सांगू शकत नाही. आपली भागू ह्याच गोष्टीपायी पाच दिवस नीट जेवली नव्हती.

भागू अकरा वर्षांची. बाप सोनाजी करमाडकडं मेंढरं राखायचा. शाळेसाठी त्यानं तिला शहरातल्या छावणी भागात आपल्या बहिणीकडं, बानाबाईकडं ठेवलं होतं. बानाबाई म्हणजे भागूची आत्या. आणि ह्या आत्यासारखी बाई त्या अख्ख्या भागात दुसरी नव्हती.

छावणीतल्या एका शिंप्याच्या दुकानामागं तशी अंधारी खोली होती. फोटोचा नाद असलेली चार-पाच माणसं तिथं दर रविवारी जमत. गारखेड्याचे तात्यासाहेब, ज्यांची तिथं शेती होती आणि ज्यांच्या पैशानं खोली उभी राहिली; कचेरीत कारकून असलेले बद्रीनाथ; सायकली दुरुस्त करणारा बन्सी; आणि दवाखान्यात नर्स असलेल्या लक्ष्मीबाई. लोक त्यांना 'अंधारवाले' म्हणायचे. बानाबाई तिथं झाडलोट करायला आली ती नवरा गेल्यावर. एकदा तात्यासाहेबांची फिल्म अंधारात चकरीवर चढेना. चकरी म्हणजे तारेची गोल खोबण. धुण्याआधी फिल्म तिच्यावर गुंडाळावी लागते, आणि तीही अंधारात, नुसत्या बोटांनी. तात्यासाहेब आतून वैतागून बडबडत होते. बानाबाई दाराबाहेरून म्हणाली, "द्या हिकडं. मी आत येऊ का?"

"तुला काय जमणार गं?"

"काळ्या रातीत मेंढीची अडलेली पिल्लं ओढून काढल्यात ह्या हातानं. ही तर नुसती पट्टी हाय."

ती आत गेली आणि मिनिटभरात फिल्म चढली. त्या दिवसापासून झाडू बन्सीच्या हाती गेला, असं बन्सीच सगळ्यांना सांगायचा. बारा वर्षं सगळ्यांचे रोल बानाबाईनंच चढवले. पुढे ती कॅमेरा शिकली, धुवायला शिकली, कागदावर फोटो उतरवायला शिकली. तिच्याइतका काळा रंग कुणाला काढता यायचा नाही. तात्यासाहेब म्हणायचे, आमच्या फोटोत अंधार असतो, बानाबाईच्या फोटोत अंधारातही माणसं असतात.

तिच्या काही पद्धती होत्या. एक म्हणजे, खोलीचं दार बंद असलं की बाहेरून विचारायचं, "उघडू का?" आतून "उघडा" आलं तरच हात लावायचा, "थांबा" आलं तर देव आला तरी दार उघडायचं नाही. दुसरी म्हणजे, नवीन रोलचा पहिला फोटो लेकराच्या हातानं काढायचा. आणि तिसरी पद्धत लोकरीची. बाकीचे लोक रोल संपला की फिल्म पुरती डबीत ओढून घेत. बानाबाई मात्र फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, बोटभर बाहेर ठेवी, म्हणजे अंधारात ओढून काढायला सोपं. पण कोऱ्या रोलचीही जीभ बाहेरच असते. मग वापरलेला ओळखायचा कसा? ती त्यावर काळ्या लोकरीचा एक पदर तीन वेढे देऊन बांधायची.

"बाई, एक दिवस घोटाळा होईल," बद्रीनाथ म्हणायचे.

"माझी लोकर हाय की. तुमच्या रजिस्टराहून पक्की."

तिला स्वतःचा फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही. कुणी कॅमेरा रोखला की पदर तोंडावर. त्यामुळं बारा वर्षांत हजारो फोटो निघाले, पण बानाबाईचा एकही नव्हता.

भागूनं मात्र काढला होता. आत्या जायच्या आठ दिवस आधी. नवीन रोल घातला, पहिला फोटो भागूचा. आत्या अंगणात उन्हात स्टुलावर बसून लसूण सोलत होती. भागूनं भिंतीकडं धरलेला कॅमेरा एकदम तिच्याकडं वळवला. आत्यानं हात वर केला, "नको गं," म्हणाली, तोवर बटण दाबलं गेलं होतं. आत्या हसली. "आसू दे. धुवू तवा बघू कसली दिसती मी." मग ती तोच कॅमेरा घेऊन करमाडला गेली, भावाचे आणि त्याच्या मेंढरांचे फोटो काढले, परत आली, रोल काढून लोकर बांधली. आणि मंगळवारी सकाळी नळावर पाणी भरता भरता खाली बसली ती उठलीच नाही.

त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. भागूकडं कुणाचं लक्ष नव्हतं. कॅमेऱ्याजवळ तो लोकर बांधलेला रोल होता. भागूला वाटलं, ही आत्यानं बांधलेली शेवटची गाठ. तिनं ती अलगद सोडवली, स्वतःच्या मनगटावर गुंडाळली आणि फ्रॉकची बाही खाली ओढली. कुणीतरी हाक मारली. तिनं रोल टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. त्या डब्यात आत्यानं मोठ्या गुंडाळीतून कापून स्वतः भरून ठेवलेले आठ कोरे रोल होते.

आता कळलं ना तुम्हाला? डब्यात नऊ रोल झाले. नऊही सारखे.

भागूला हे कळलं दुसऱ्या दिवशी. लक्ष्मीबाईंनी तिला आपल्या घरी नेलं होतं. तिथं अंधारवाले जमले आणि तिच्याच तोंडून निघालं, "आत्याचा फोटू हाय. मी काढलाय."

तात्यासाहेब, सत्तरीचे म्हातारे गृहस्थ, खुर्चीतून उठून उभे राहिले. "कुठं आहे तो रोल?"

"लोकर असेल त्याला," बद्रीनाथ म्हणाले. "चला, शोधू."

भागूनं बाही आणखी खाली ओढली. तिनं हात पाठीमागं नेला. सगळे आत्याच्या घरी गेले. फडताळ, गादीखाली, आत्याच्या पिशवीत, पिठाच्या डब्यात. बन्सीनं तर चूलसुद्धा बघितली. पत्र्याचा डबाही उघडला. बद्रीनाथांनी आत डोकावून सांगितलं, "ह्यातले सगळे कोरे आहेत, लोकर नाही कशाला," आणि झाकण लावलं.

तेव्हाच भागूनं बोलायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, आम्ही बोललो असतो. खरं आहे, तुम्ही बोलला असता. पण भागूला वाटत होतं, आपण हे सांगितलं तर ही माणसं म्हणतील, हिनंच आपल्या आत्याला हरवलं. तिनं ठरवलं, आपणच तो शोधायचा. शाळा सुटल्यावर ती रोज आत्याच्या घरी डबा उघडून बसली. एकेक रोल हातात घेतला, हुंगला, कानाशी हलवला. काही कळेना. मग रडूही येईना. आत्या गेल्यापासून तिला रडूच आलं नव्हतं. 

तिकडं अंधारवाल्यांचं काही खरं नव्हतं. बन्सीनं दुकान उघडलं नाही. बद्रीनाथांनी आपला एक रोल चकरीवर चढवायला घेतला आणि अर्ध्यात अडकला. ते अंधारात तसेच बसून राहिले आणि शेवटी दिवा लावून सगळा रोल वाया घालवला. तात्यासाहेब एकच वाक्य परत परत म्हणत, "बारा वर्षं डोळ्यांसमोर होती, आणि मला तिचं कपाळ आठवेना."

रविवार आला. सोनाजी येणार होता, भागूला दहाव्यासाठी करमाडला न्यायला. सकाळी सगळे शिंप्याच्या दुकानामागच्या अंगणात जमले.

तात्यासाहेब म्हणाले, "फोटो तर गेला. पण तिच्या हातानं भरलेले रोल आहेत. त्यातला एक तिच्याच कॅमेऱ्यात घालू. प्रत्येकानं तिची आठवण म्हणून काढायचे. तिची जागा, तिच्या वस्तू."

बद्रीनाथांनी आत्याच्या घरून आणलेला पत्र्याचा डबा उघडला. भागू बघत राहिली. त्यांचा हात डब्यावर घुटमळला, आणि सगळ्यात वरचा रोल त्यांनी उचलला. वरचा. शेवटी टाकलेला वरच असतो. पण भागूनं रोज डबा उपसला होता, तेव्हा वरचा कुठला आणि खालचा कुठला हे तिलाही सांगता आलं नसतं. नवातला एक, ती मनाशी म्हणाली. नवातला एकच तो. हा नसंल.

रोल कॅमेऱ्यात गेला. बद्रीनाथांनी कॅमेरा तिच्यापुढं धरला.

"घे बाळ. पहिला तुझा. तिचीच पद्धत."

भागूनं हात मागं घेतले. "मला नगं."

"कामून नगं?" बन्सी म्हणाला. "तुझी आत्या माझं टाळकं फोडंल वरनं. काढ."

समोर अंधाऱ्या खोलीचं दार सताड उघडं होतं. दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेली भिंत उन्हात लखलखत होती आणि मधे दाराचा काळा चौकोन. आत्या कायम तिथूनच पदराला हात पुसत बाहेर यायची. भागूनं कॅमेरा डोळ्याला लावला. दारात कुणी नव्हतं. तिनं बटण दाबलं.

त्या आवाजानं तिला शिसारी आली. ठाऊक असून दाबलं, असं तिच्या मनात आलं.

मग लक्ष्मीबाईंनी स्टुलाचा काढला. तात्यासाहेबांनी खुंटीवरच्या तिच्या फडक्याचा. बद्रीनाथांनी औषधाच्या बाटल्यांचा. बन्सीनं झाडूचा काढला आणि म्हणाला, "ये झाडू उसका था, मेरा नहीं," आणि मग पाठ फिरवून उभा राहिला. दोन, चार, सात, नऊ. प्रत्येक आवाजासरशी भागू मनगट दाबून धरत होती.

अकरावा फोटो झाला आणि फाटकाशी सोनाजी दिसला. उंच, वाळका, खांद्यावर घोंगडी. तो आत येईना. पायताण काढून तिथंच उभा राहिला आणि तात्यासाहेबांकडं बघून खालच्या आवाजात बोलला.

"मालक, एक मागायचं व्हतं. बानाचा एखादा फोटू आसंल तर द्या. लई फोटू काढायची म्हून सांगायची. आमच्याकडं तिचा एकबी नाय. आमची माय इचारती, दहाव्याला काय समोर ठिवायचं."

 लक्ष्मीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"नाही सोनाजी," तात्यासाहेब म्हणाले. "आमच्याकडंही नाही."

"बरं," सोनाजी म्हणाला. "आसू द्या."

त्या 'आसू द्या'नं भागूचं सगळं बळ गेलं. अगदी आत्यासारखं म्हणाला होता तो. तिनं बाही वर ओढली आणि हात सगळ्यांपुढं धरला.

"लोकर माझ्याकडं हाय," ती म्हणाली. "मी सोडली. त्यो रोल डब्यातच टाकला व्हता मी. कोऱ्यात."

आधी कुणाला समजलंच नाही. मग बद्रीनाथांनी हातातल्या कॅमेऱ्याकडं बघितलं. तो त्यांनी इतक्या सावकाश खाली ठेवला, जणू आत काही जिवंत आहे.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"बुधवारपसून."

"आणि तरी तू पहिला फोटो काढलास."

"बद्रीनाथ," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "लेकरू आहे."

"लेकरू आहे हे मलाही दिसतंय. तिचा चेहरा पहिल्याच फोटोत होता, लक्ष्मीबाई. आणि हा तोच रोल असेल तर पहिल्यावर पहिलाच बसला."

भागू मान खाली घालून उभी राहिली. सोनाजीला फोटोतलं काही कळत नव्हतं. त्यानं फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आत्ताच धुऊ," तात्यासाहेब म्हणाले. "कळू तरी दे. चढवणार कोण?"

बद्रीनाथांनी आपले हात पुढं धरून बघितले. ह्याच हातांनी नुकताच एक रोल वाया घालवला होता. बन्सीनं मान हलवली. तात्यासाहेबांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती.

"मला येतं," भागू म्हणाली. "आत्यानं शिकवलंय. वाया गेलेल्या पट्टीवर."

बद्रीनाथांनी कॅमेरा पुन्हा उचलला. मग त्यांनी फिल्म डबीत ओढून घेतली, जीभ तेवढी बाहेर ठेवली, आणि रोल तिच्या हातावर ठेवला.

भागू आत गेली. दार लागलं. काळं फडकं फटीत बसलं. आता पुन्हा डोळे मिटा, मुलांनो, कारण ती कुठं उभी आहे हे तुम्हाला कळायला हवं. काही दिसत नाही. औषधाचा आंबूस वास. आत्याचं फडकं खुंटीवर आहे, हे नाकाला कळतंय.

तिनं फिल्मची जीभ चाचपली. कॅमेऱ्यात रोल घालताना ही जीभ एका खाचेत अडकवतात, तेव्हा तिला एक पुसटशी घडी पडते; उजेडात रोल हुंगताना-हलवताना ती भागूच्या ध्यानातच आली नव्हती. कोरा रोल आज पहिल्यांदाच घातला असेल, तर एकच घडी. भागूचं बोट घडीवर आलं. मग किंचित पुढं सरकलं.

तिथं दुसरी घडी होती.

तिनं परत बघितलं. परत. दोन घड्या, नखभर अंतरावर. हा रोल दोनदा कॅमेऱ्यात गेला होता.

बाहेर पाच माणसं अजून आशा धरून उभी होती. नवातला एक. आत भागू एकटीच होती जिला कळलं होतं की आता तेही राहिलं नाही.  तिला वाटलं, दिवा लावावा. एक बटण. सगळं पांढरं होऊन जाईल आणि कुणाला कधी काही बघावं लागणार नाही.

"उघडू का?" बाहेरून बन्सीचा आवाज आला.

"थांबा," भागू म्हणाली.

आणि तिनं चकरी उचलली. मधल्या चापात फिल्म बसवली, अंगठ्यानं कडा दाबत, न ओढता, पिल्लाला धरावं तशी. शेवटचं टोक कापलं, चकरी उजेड न शिरणाऱ्या छोट्या टाकीत ठेवून झाकण घट्ट फिरवलं. "उघडा."

बाहेर येऊन तिनं टाकी बद्रीनाथांच्या हातात दिली. "त्योच हाय," ती म्हणाली. "जिभेला दोन घड्या हायत."

कुणी तिला रागावलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बद्रीनाथांनी घड्याळ लावून औषध ओतलं, बन्सीनं टाकी हलवली, मग पाणी, मग दुसरं औषध, मग पुन्हा पाणी. सोनाजी उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून होता. शेवटी ओली पट्टी चिमट्यानं तारेला टांगली गेली.

अशा पट्टीवर सगळं उलटं असतं. उजेड काळा दिसतो आणि अंधार काचेसारखा स्वच्छ. बद्रीनाथांनी भिंग लावलं. मेंढरांच्या पाठीवर स्टूल होतं. सोनाजीच्या छातीतून झाडू आरपार गेला होता. बाराव्यापासून पुढं मात्र नुसती मेंढरं, नीट, आत्यानं काढलेली. मग त्यांनी भिंग वर नेलं, पहिल्या फोटोवर. पुष्कळ वेळानं खाली ठेवलं.

"भिंतीनं खाल्ला," ते म्हणाले. "काळाठिक्कर आहे सगळा."

तात्यासाहेब भिंतीला टेकून खाली बसले.

भागूनं भिंग घेतलं. तिला बघायचं नव्हतं. पण आपण केलं ते आपणच बघायला हवं, असं तिला वाटलं. खरंच, दोन्ही बाजूंना काळं होतं, उन्हातल्या चुन्याचं. पण मधे दार होतं. आणि दारात अंधार होता. अंधारानं फिल्मवर काही लिहिलेलं नसतं, मुलांनो. तिथं आधीचं जे असेल ते तसंच राहतं.

त्या स्वच्छ चौकोनात काहीतरी होतं.

"बद्रीकाका," ती म्हणाली, "दारात बगा. भिंतीकडं नगा बगू."

पट्टी वाळेपर्यंत दुपार झाली. कुणी जेवायला उठलं नाही. मग लाल दिव्याखाली बद्रीनाथांनी यंत्रातून कागदावर उजेड पाडला आणि तो कोरा कागद औषधाच्या तबकात सोडला. सोनाजीलाही आत घेतलं होतं. तो तबकावर वाकून बघत होता. कागद पांढरा. पांढराच. मग दाराची चौकट आली, मग काळोख भरत गेला, आणि काळोखात एक हात वर आला, नको म्हणणारा. हातामागं अर्धा चेहरा. एक डोळा, नाकातली चमकी, हसताना वर गेलेला ओठाचा कोपरा. बाकी अर्धा चेहरा भिंतीत गेला होता. दोन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसली नव्हती; तेवढी सरकली होती म्हणून हा अर्धा तरी दारात आला होता.

"बाना," सोनाजी म्हणाला.

 तात्यासाहेबांनी तबकाच्या कडेला हात टेकला आणि त्या कपाळाकडं बघत राहिले.

अर्धाच चेहरा होता तो. उरलेला अर्धा कधीच मिळणार नव्हता, आणि तो कुणामुळं गेला हे सगळ्यांना माहीत होतं. भागूला तर सगळ्यात जास्त. तिनं ओला फोटो चिमट्यानं उचलून दुसऱ्या औषधातून, मग पाण्यातून काढला, बापाच्या दोन्ही तळहातांवर ठेवला. मग म्हणाली, "समद्यांनी भायेर जावा."

ते गेले. दार आतून लागलं. फडकं फटीत बसलं.  मग पाच दिवस न आलेलं रडू ऐकू आलं, मोठ्यानं, थांबून थांबून. लक्ष्मीबाई पुढं झाल्या. पण बन्सीनं त्यांना अडवलं आणि दारावर हळूच टकटक केली.

"भागू, उघडू का?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. तबकातलं औषध डुचमळलं.

"थांबा," ती म्हणाली. "आजून चार काढायचेत. एकेक समद्यांना."